मुख्य थ्रेड शोधण्यात गेलेले नऊ आठवडे

९ जानेवारीला सुरुवात केली आणि १३ मार्चला सुटले. मधल्या नऊ आठवड्यांत जे शोधत होते (हा थ्रेड, म्हणजे प्रोसेसच्या आत समांतर चालणारा कामाचा धागा, मुख्य आहे का) त्याचं उत्तर देणारं फंक्शन एमपीआयच्या, म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना निरोप पाठवायच्या पद्धतीच्या, स्टँडर्डमध्ये १९९७ सालापासून आहे, हे आधी कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. कुणी नुकतंच एमपीआयच्या प्रोग्रॅममध्ये थ्रेड घालायला बसलं असेल, तर त्याचे निदान चार-पाच आठवडे वाचावेत म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती रोमनमध्येच शोधा.

मुळात थ्रेडची हौस नव्हती, मेमरी पुरेना म्हणून ते करावं लागलं. आमचा प्रवाहगणिताचा प्रोग्रॅम शुद्ध एमपीआयवर चालायचा, एका कोअरला एक प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमची एक स्वतंत्र चालती प्रत. प्रत्येक प्रोसेस जवळपास ६ जीबीचा एक तक्ता स्वतःपुरता उघडते. नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनवर, ४८ कोअर आणि १९२ जीबी मेमरी. ४८ प्रोसेस चालवल्या तर नुसत्या तक्त्यांनाच २८८ जीबी लागतात, म्हणजे अर्धे कोअर रिकामे ठेवूनच काम करावं लागायचं. उपाय सरळ दिसत होता. नोडवर चारच प्रोसेस चालवायच्या आणि प्रत्येकीत ओपनएमपीचे (एकाच प्रोसेसमधलं काम थ्रेडांत वाटून देणारी सोय) १२ थ्रेड. तक्ते चारच, म्हणजे २४ जीबी, आणि कोअर सगळे कामाला.

पहिल्या दहा दिवसांत मी मोठ्या लूपवर ओपनएमपीच्या ओळी चढवल्या आणि सुरुवातीचा एमपीआय_इनिट काढून तिथे एमपीआय_इनिट_थ्रेड घातला. हे फंक्शन विचारतं की तुम्हाला थ्रेडची कोणती पातळी हवी. पातळ्या चार. सिंगल म्हणजे प्रोसेसमध्ये एकच थ्रेड. फनेल्ड म्हणजे थ्रेड कितीही असोत, एमपीआयला हात फक्त मुख्य थ्रेड लावणार. सीरियलाइज्ड म्हणजे कुणीही लावा, पण एका वेळी एकानेच. मल्टिपल म्हणजे कुणीही, केव्हाही. माझे सगळे निरोप लूपच्या बाहेरून जातात असं मला वाटत होतं, म्हणून मी फनेल्ड मागितली. नेमकी कोणती मिळाली हे त्याच फंक्शनच्या शेवटच्या व्हेरिएबलमध्ये परत येतं. ते मी पाहिलंच नाही. मागितलं ते मिळालं असेलच, हे गृहीत.

'मुख्य थ्रेड' या शब्दावरही तेव्हा मी अर्धा मिनिटसुद्धा थांबले नाही.

२० जानेवारीला लॅपटॉपवर २ प्रोसेस आणि ४ थ्रेड घेऊन चालवलं. उत्तरं जुन्या प्रोग्रॅमशी जुळली. २३ तारखेला क्लस्टरवर ४ नोडचा, म्हणजे १९२ कोअरचा जॉब टाकला. तो दोन दिवस रांगेत होता. २५ च्या रात्री सुरू झाला, सात तास नीट चालला आणि गप्प झाला. ना एरर, ना क्रॅश. लॉग फाइल जिथे थांबली तिथेच. मी झोपेत, आणि मशीन मात्र इमानदारीत २४ तासांची मर्यादा संपेपर्यंत शंभर टक्के सीपीयू जाळत बसलं. एमपीआयमधली वाट पाहणं बऱ्याचदा असंच असतं, प्रोसेस झोपत नाही, फिरत राहते. ४,६०८ कोअर-तास गेले. तिमाहीचा आमचा कोटा ४०,०००.

दुसरी खेप २९ जानेवारीची. या वेळी अकरा तासांनी थांबला, माझ्या लक्षात येईपर्यंत चौदा झाले होते. आणखी २,६८८ गेले. त्या संध्याकाळी मी पहिलं शहाणपणाचं काम केलं. लॉग फाइल २० मिनिटांत बदलली नाही तर जॉब स्वतःच रद्द करणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. मोठा जॉब टाकण्याआधी ही लिहून ठेवा. चूक सापडेल तेव्हा सापडेल, कोटा तरी उरेल.

२ फेब्रुवारीला हेल्पडेस्ककडे तिकीट टाकलं. फॉर्ममध्ये जॉब क्रमांक, लोड केलेल्या मॉड्युलांची यादी, कंपाइलची पूर्ण कमांड आणि 'अडचण पुन्हा घडवता येते का' असे चार रकाने होते. चौथ्यात मी 'कधी कधी' लिहिलं. तिकीट दुसऱ्याच दिवशी परत आलं, 'कृपया लहान उदाहरण जोडा' अशा शेऱ्यासह. लहान उदाहरण असतं तर तिकीट कशाला टाकलं असतं, असं मनात आलं. पण मुकाट्याने लॉगचे शेवटचे दोनशे शब्द, जॉब स्क्रिप्ट आणि इनिटचा भाग जोडून परत पाठवलं.

६ तारखेला उत्तर आलं, दोनच प्रश्न. "थ्रेडची पातळी प्रत्यक्षात कोणती मिळते, ते छापून पाहिलंत का? आणि कोडमध्ये कुठे ओपनएमपी सिंगल आहे का?"

पातळी छापली, फनेल्डच होती. (इथली तुलना 'बरोबर आहे का' अशी न करता 'मागितल्यापेक्षा कमी आहे का' अशी करा. चारही पातळ्या चढत्या क्रमाने असतात एवढी हमी स्टँडर्ड देतं, आणि मागितलेल्याहून वरची मिळाली तर काही बिघडत नाही.) दुसऱ्या प्रश्नावर मात्र पोटात गोळा आला. एका ठिकाणी लूपच्या आतच, समांतर भाग न मोडता, शेजारच्या प्रोसेसशी कडेच्या ओळींची देवाणघेवाण करायची म्हणून मी ओपनएमपीचं सिंगल (वरच्या पातळीचं नाव नव्हे) वापरलं होतं. सिंगल म्हणजे 'एकाच थ्रेडने करा'. कोणत्या, ते नाही. जो आधी पोचेल तो करतो. सीरियलाइज्ड पातळीवर ते चाललं असतं, फनेल्डवर तो सरळ नियमभंग होता.

सिंगलच्या जागी मास्टर टाकलं. (ओपनएमपी ५.१ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० नंतर, मास्टर हा शब्द मोडीत काढून मास्क्ड आणलाय. आमचा कंपाइलर जुना.) चालवलं तर उत्तर तिसऱ्या दशांशात चुकलं. त्यामागे पाच दिवस गेले. कारण इतकं छोटं की सांगायलाही लाज वाटते. सिंगलच्या शेवटी सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात, मास्टरच्या शेवटी थांबत नाहीत. मुख्य थ्रेड कडेच्या ओळी आणायला गेलेला असताना बाकीचे अकरा जुन्याच ओळींवर हिशोब करून पुढे निघाले होते. मास्टरच्या आधी एक आणि नंतर एक बॅरियर (सगळे थ्रेड पोचेपर्यंत थांबवणारी ओळ) घातला, आकडे जुळले. आधीचाही लागतोच, नाहीतर बाकीचे कडा लिहून संपवायच्या आतच मुख्य थ्रेड त्या पाठवून मोकळा होतो.

१४ फेब्रुवारीला जॉब टाकला, १७ ला चालला आणि नवव्या तासाला थांबला.

या वेळी मी जागी होते. स्क्रिप्टने रद्द करायच्या आत नोडवर लॉगिन केलं, एका प्रोसेसला जीडीबी हा डिबगर जोडला आणि 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' दिली. ही कमांड सगळ्या थ्रेडचे स्टॅक, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्याची साखळी, एकदम छापते. भलीमोठी यादी आली. ओपनएमपीचे १२, शिवाय एमपीआय लायब्ररीचे स्वतःचे मदतनीस थ्रेड. मी फक्त पहिला पाहिला, तो वेटऑलमध्ये (निरोपांची देवाणघेवाण पुरी होईपर्यंत थांबणारं फंक्शन) अडकलेला. कुठला तरी निरोप पोचला नाही, एवढाच निष्कर्ष काढून फाइल जपून ठेवली. त्याच फाइलमध्ये चौदाव्या क्रमांकावर खरा गुन्हेगार होता, हे मला दोन आठवड्यांनी कळलं. रद्द करेपर्यंत आणखी १,९२० कोअर-तास गेले होते. एकूण ९,२१६, म्हणजे कोट्याचा जवळपास पाव हिस्सा.

पुढचा आठवडा सगळ्यात वाईट गेला. आपण या कामाचे नाहीच, असं वाटायला लागलं होतं. ज्यांच्या हाताखाली काम करते ते सर काही बोलत नव्हते, आणि ते न बोलणं जास्त लागत होतं. शेवटी ठरवलं की एमपीआयला हात लावणाऱ्या प्रत्येक जागी थ्रेडचा क्रमांक छापायचा. ओपनएमपीचं ओएमपी_गेट_थ्रेड_नम वापरलं. शून्य म्हणजे मुख्य, असं मी धरून चालले होते. दोन दिवस खपून छपाई केली. सगळीकडे शून्य. एकही अपवाद नाही. म्हणजे सगळं मुख्य थ्रेडच करतोय, आणि तरी हँग!

२६ फेब्रुवारीला, दुसरं काही सुचेना म्हणून, स्टँडर्डमधलं थ्रेडचं प्रकरण पहिल्यापासून वाचायला घेतलं. मुख्य थ्रेडची व्याख्या तिथे एका ओळीत आहे. ज्या थ्रेडने एमपीआय_इनिट किंवा एमपीआय_इनिट_थ्रेड बोलावलं, तो. त्यात ओपनएमपीचा क्रमांक येत नाही, मेन फंक्शन कुणी सुरू केलं तेही येत नाही आणि रँक शून्यचा (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) तर संबंधच नाही. प्रत्येक प्रोसेसला तिचा तिचा मुख्य थ्रेड असतो, माझ्या सोळा प्रोसेसमध्ये सोळा. आणि मी मुख्य आहे का, हे थ्रेडला स्वतःला विचारता येतं, एमपीआय_इज_थ्रेड_मेन या फंक्शनने. त्याला एक पत्ता द्यायचा, त्यात हो किंवा नाही येतं.

मला लगेच शंका आली. फनेल्डमध्ये मुख्य थ्रेडशिवाय कुणी एमपीआयला हात लावायचा नाही, मग जो मुख्य नाही त्याने हे विचारायचं कसं? २०१५ च्या ३.१ आवृत्तीत याचा निकाल लागलेला आहे. हे फंक्शन, मिळालेली पातळी सांगणारं एमपीआय_क्वेरी_थ्रेड, आणि इनिशियलाइज्ड, फायनलाइज्ड यांसारखी मोजकी फंक्शनं कुठल्याही थ्रेडने, कसल्याही अटीशिवाय बोलवावीत.

चाळीस ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. २ प्रोसेस, प्रत्येकीत ओपनएमपीचे ४ थ्रेड, आणि उगाच म्हणून पीथ्रेडने, म्हणजे ओपनएमपीच्या बाहेर थेट, उघडलेला एक वेगळा थ्रेड. तो 'उगाच' नशिबानेच सुचला, आमच्या मोठ्या प्रोग्रॅममध्येही असा एक आहे हे डोक्यात कुठेतरी असावं. रँक शून्यचं आउटपुट असं आलं:

रँक ० | ओपनएमपी क्रमांक ० | मुख्य १
रँक ० | ओपनएमपी क्रमांक ३ | मुख्य ०
रँक ० | ओपनएमपी क्रमांक १ | मुख्य ०
रँक ० | ओपनएमपी क्रमांक २ | मुख्य ०
रँक ० | ओपनएमपी क्रमांक ० | मुख्य ०

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. क्रमांक शून्य, आणि मुख्य नाही.

ओपनएमपीचा क्रमांक हा टोळीतला क्रमांक आहे. समांतर भागाच्या बाहेर तो नेहमी शून्यच येतो, थ्रेड कुठलाही असो. पीथ्रेडने उघडलेल्या थ्रेडने स्वतःचा समांतर भाग सुरू केला तर त्या नव्या टोळीतही तोच शून्य. समांतर भागात आणखी एक समांतर भाग उघडला तर आतल्या प्रत्येक टोळीत एकेक शून्य. माझी दोन दिवसांची छपाई मला काहीच सांगत नव्हती.

जाता जाता, पायथॉनवाल्यांसाठी. एमपीआय४पाय वापरत असाल तर त्यातलं एमपीआय मॉड्युल इम्पोर्ट होतं तेव्हाच इनिट होऊन जातं. म्हणजे इम्पोर्ट ज्या थ्रेडमध्ये पहिल्यांदा झालं, तो एमपीआयच्या लेखी मुख्य. पायथॉन स्वतः ज्याला मेन थ्रेड म्हणतं तो वेगळा असू शकतो. तिथे एमपीआय.इज_थ्रेड_मेन असं विचारा.

आता मोठ्या प्रोग्रॅममध्ये तो दुसरा शून्य शोधायचा होता. शेकडो जागी हाताने तपासणी घालण्यापेक्षा एमपीआयची जुनी सोय वापरली. प्रत्येक फंक्शनला पी लावलेलं जुळं नाव असतं, एमपीआय_सेंडला पीएमपीआय_सेंड. आपण स्वतःचं एमपीआय_सेंड लिहायचं, त्यात आधी पीएमपीआय_इज_थ्रेड_मेन विचारायचं, उत्तर 'नाही' आलं तर फंक्शनचं नाव छापून अबॉर्ट, नाहीतर पीएमपीआय_सेंडला पुढे ढकलायचं. आम्ही एकूण चौदाच फंक्शनं वापरतो, एका दुपारचं काम. इथे साधा अबॉर्ट वापरा, एमपीआय_अबॉर्ट नको. तोही एमपीआयचाच कॉल, आणि आपण त्या वेळी नको त्या थ्रेडमध्ये उभे असतो. शिवाय साध्या अबॉर्टने कोअर फाइल (पडतानाच्या मेमरीची नोंद) मिळते आणि स्टॅक पाहता येतो.

१ मार्च. २ प्रोसेस, ४ थ्रेड, लॅपटॉप. चेकपॉइंट (मधली स्थिती जपून ठेवणारी फाइल) दर ५०० पायऱ्यांऐवजी दर १० पायऱ्यांना लिहायला सांगितलं, काही घडायचंच असेल तर लवकर घडावं म्हणून. तिसऱ्या मिनिटाला प्रोग्रॅम पडला आणि पडद्यावर एकच शब्द आला, एमपीआय_रिड्यूस.

स्टॅक पाहिला. चेकपॉइंटची फाइल मागच्या मागे लिहिणारा थ्रेड. माझ्या आधी या कोडवर काम करणाऱ्याने तो लिहून ठेवला होता, पण सेटिंग्जमध्ये बंद होता. जानेवारीत 'वेळ वाचेल' म्हणून मीच तो चालू केला होता, आणि तसं केल्याचं विसरलेही होते. फाइल लिहून झाली की तो किती बाइट लिहिले याची बेरीज रँक शून्यवर गोळा करायचा, लॉगमध्ये एक ओळ छापण्यासाठी! मी फनेल्डचं वचन दिलेलं, म्हणून लायब्ररीने आत कुलपं लावलेली नसणार. बहुतेक वेळा दोन थ्रेड एकमेकांच्या आड येत नसत, सात-नऊ-अकरा तासांत एकदा येत. फेब्रुवारीत जपून ठेवलेली जीडीबीची फाइल उघडली. चौदावा थ्रेड, रिड्यूसमध्ये. तिथेच होता बिचारा.

थ्रेडला नाव दिलेलं असतं तर त्या यादीत तो लगेच डोळ्यात भरला असता. पीथ्रेड_सेटनेम_एनपी ने नाव देता येतं, लिनक्सवर १५ अक्षरांपर्यंत, आणि ते जीडीबीत दिसतं, टॉपला एच लावला की तिथेही दिसतं. आता आमच्या सगळ्या थ्रेडना नावं आहेत.

दुरुस्तीचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे मल्टिपल मागणं. मागितली, मिळालीही, आणि प्रोग्रॅम तरीही पडला, या वेळी निरोपाची लांबी जुळत नसल्याची एरर देऊन. कारण मल्टिपल असलं तरी एकाच कम्युनिकेटरवर (एकमेकींशी बोलणाऱ्या प्रोसेसचा गट) एकाच प्रोसेसच्या दोन थ्रेडनी एकाच वेळी सामूहिक फंक्शनं, म्हणजे गटातल्या सगळ्या प्रोसेसनी मिळून करायची, बोलवायची नसतात, तो क्रम सांभाळणं आपलं काम. इकडे मुख्य थ्रेड त्याच कम्युनिकेटरवर ऑलरिड्यूस (बेरीज सगळ्यांना परत देणारं सामूहिक फंक्शन) करत होता. कम्युनिकेटरची प्रत काढून भागलं असतं, पण एका लॉगच्या ओळीसाठी सगळा प्रोग्रॅम कुलपांखाली चालवायचा हे मला पटलं नाही.

मग बेरीज मुख्य थ्रेडकडे दिली. लिहिणाऱ्याने 'झालं' असा झेंडा लावायचा, मुख्य थ्रेड पायरीच्या शेवटी झेंडा बघून रिड्यूस करेल. हे दहा मिनिटांत हँग झालं, आणि हा हँग सर्वस्वी माझा. सगळ्या प्रोसेसच्या फाइल एकाच पायरीला लिहून होत नाहीत. एकीचा झेंडा लागला, ती रिड्यूसमध्ये जाऊन बसली, आणि दुसरी अजून पुढच्या ऑलरिड्यूसमध्ये. शेवटी झेंडा काढून टाकला. पुढचा चेकपॉइंट सुरू करताना मुख्य थ्रेड आधीच्या लिहिणाऱ्याला जॉइन करतो आणि मग रिड्यूस. ही जागा सगळ्या प्रोसेसमध्ये एकाच पायरीला येते. शेवटच्या चेकपॉइंटसाठी हेच फायनलाइजच्या आधी. फायनलाइजही मुख्य थ्रेडनेच करायचं असतं, आणि तोपर्यंत बाकीच्यांचं एमपीआयमधलं काम आटोपलेलं हवं.

८ मार्चला हे संपलं. १० ला जॉब टाकला, १२ ला सुरू झाला, १३ ला पूर्ण २४ तास चालून शेवटच्या पायरीपर्यंत पोचला. त्या रात्री मी लॉग फाइल किती वेळा उघडून पाहिली ते सांगत नाही.

पीएमपीआयची तपासणी डिबग बिल्डमध्ये कायमची ठेवली आहे. इनिटनंतर पातळीही तपासते, कमी मिळाली तर प्रोग्रॅम पुढे जातच नाही. हेल्पडेस्कचं तिकीट बंद करताना कारणाच्या रकान्यात 'वापरकर्त्याची चूक' हा पर्याय मीच निवडला आणि चाळीस ओळींचा प्रोग्रॅम जोडला. हँगमध्ये गेलेले ९,२१६ कोअर-तास परत मिळावेत म्हणून एक पानी अर्जही केला. अकरा दिवसांनी उत्तर आलं की या तिमाहीत शक्य नाही, ३१ मार्चनंतर नव्याने अर्ज करावा, सोबत मूळ जॉब क्रमांक जोडावेत. तिन्ही क्रमांक लिहून ठेवले आहेत.